अर्ध्या तासानं कंबर सरळ करा

घोडेगावला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि माझ्या अंगात शहाणपण मावेना. गावची आशाताई मी. वावरात राबणाऱ्या बायांची कंबर का धरते, गुडघे का सुजतात, त्यावर काय करायचं, सगळं शिकून आले होते. देवळात बाया गोळा केल्या आणि सांगितलं, भात लावताना दर अर्ध्या तासानं उभं राहायचं, कमरेवर हात ठेवून मागं वाकायचं, नुसत्या गोळ्यांवर दिवस ढकलायचे नाहीत. वर दमही दिला, की कंबर मोडल्यावर माझ्याकडं रडत यायचं नाही. बाया हसल्या. शेजारची आक्का तेवढी हसली नाही. तिची कंबर तीन वर्षं दुखत होती. मागं कसं वाकायचं ते तिनं मला दोनदा करायला लावून नीट बघून घेतलं.

शिनोलीच्या वरच्या अंगाला आमच्याकडं आवणी सावडीवर चालते. आज पाच घरच्या बाया माझ्या खाचरात भात लावणार, उद्या मी त्यांच्या. मजुरी कुणी मागत नाही, पण कोण अंग चोरतंय यावर सगळ्यांचा डोळा असतो. माझा तर जास्तच.

माझ्या आवणीच्या दिवशी खाचरातलं पाणी उतरायला लागलं होतं आणि उपटलेली रोपं बांधावर तशीच पडलेली. माझा जीव टांगणीला. सगळ्या वाकलेल्या आणि आक्का आपली उभी, कमरेवर हात, तोंड आभाळाकडं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा माझं डोकंच फिरलं.

“आक्का, सावड फेडायला आलीस का ढग मोजायला?”

बाया खो खो हसल्या. आक्का गुमान वाकली. ती दिवस मावळेपर्यंत पुन्हा उभी राहिली नाही, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. खाचर पुरं झालं. सगळ्या पाय धुवायला ओढ्याकडं निघाल्या, तेव्हा आक्का चिखलात हात टेकत, रांगत बांधावर आली. तिला सरळच होता येईना. माझंच देवळातलं बोलणं मला तेव्हा आठवलं.

संध्याकाळी मीठ तापवून फडक्यात बांधलं आणि तिच्या घरी गेले. तिच्या कमरेला शेक द्यायला लागले. ती म्हणाली,

“तूच सांगितलं व्हतं ना गं. मला वाटलं, तुझ्या वावरात तरी उठल्यावर कुणी बोलायचं न्हाई.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकले म्हणायचं, एवढं साधं होतं. पण मी पुरचुंडी गार झाली म्हणत उठले आणि चुलीपाशी जाऊन बसले.

चार दिवसांनी आक्काची आवणी आली. तिला अजून वाकता येत नव्हतं. ती बांधावर बसून रोपांच्या जुड्या आमच्याकडं टाकत होती. मी सगळ्यांच्या आधी चिखलात उतरले होते, दोघींचं काम एकटीनं करीन अशा ईर्ष्येनं. बाया खाली मान घालून लावत होत्या. माझ्या खाचरात झालेलं बघितल्यावर कोण कशाला उभी राहील?

थोड्या वेळानं आक्कानं पदराआडचा मोबाईल काढून बघितला.

“अर्धा तास झाला. उठा समद्या, कंबर सरळ करा.”

समद्या उठल्या. मी तेवढी वाकलेलीच राहिले. कंबर ठणकत होती, पण उभं राहिलं असतं तर समोर बांधावर आक्का होती.