बिजलीबहाद्दरची केप

माझा मामा चष्मे करतो. इतर चष्मेवाल्यांकडे डोळे तपासायला अक्षरांचा तक्ता असतो, मामाकडे बिजलीबहाद्दर असतो.

बिजलीबहाद्दर हा मामाच्या लहानपणीच्या कॉमिकमधला नायक. निळी केप, छातीवर वीज, आणि बोलणं असं की पुढच्या चौकात ऐकू जावं. जुन्या फाटक्या अंकांतली चित्रं कापून मामाने एका लांब पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत. सगळ्यात वर मोठा फुगा: ‘थांब, नराधमा!’ खाली फुगे लहान लहान होत जातात, आणि शेवटच्या ओळीत खलनायक स्वतःशी जे पुटपुटतो ते वाचता आलं की चष्म्याचा नंबर बरोबर. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आजीबाई जेव्हा खुर्चीतून ‘थांब, नराधमा!’ असं ठणकावतात, तेव्हा रस्त्याने जाणारा एखादा खरंच थांबतो.

काही जुनी गिऱ्हाइकं लबाड असतात. चष्मा बदलावा लागू नये म्हणून सगळे फुगे पाठ म्हणून दाखवतात. त्यांच्यासाठी मामाकडे एक युक्ती आहे. तो गुपचूप शेवटच्या ओळींवर एक कोरा कागद धरतो. गिऱ्हाईक तो कोरा कागदही घडाघडा वाचतं, आणि मामा हसत हसत नवा नंबर लिहून घेतो.

आता या बिजलीबहाद्दरवर दोन सिनेमे निघाले, आणि तिथेच सगळा घोळ झाला. पहिला निघाला मामाच्या कॉलेजच्या दिवसांत. त्यात खलनायक कमरेवर हात ठेवून हसतो, नायक दर पाच मिनिटांनी उडतो आणि उडताना प्रेक्षकांकडे बघून हात हलवतो. दुसरा अलीकडचा. त्यात बहुतेक वेळ पाऊस पडतो आणि नायक गच्चीवर उभा राहून वडिलांची आठवण काढतो. मामा पहिल्याचा कट्टर भक्त. समोरच्या दुकानात पाट्या रंगवणारे पेंटरकाका दुसऱ्याचे. माझं मत कोणी विचारत नाही म्हणून सांगते: दोन्ही सिनेमे कॉमिकच्या पासंगालाही पुरणार नाहीत. त्यातला दुसरा तर मी बघितलाही नव्हता, आणि न बघता नावं ठेवण्यात जी मजा आहे ती बघून ठेवण्यात नाही.

मामा आणि पेंटरकाका शाळेपासूनचे मित्र. दोघांत मिळून एक अंक विकत घ्यायचे. काका त्यातली चित्रं गिरवायचे, मामा फुगे मोठ्याने वाचायचा. पुढे एकाने रंग धरला आणि एकाने भिंग, पण दुपारचा चहा एकत्रच राहिला. शाळेतून शिकवून परतताना मी तिथे टेकायची. शेजारचे टेलरमास्तरही असायचे, पण ते कायम मामाच्या बाजूने, कारण चहा मामाचा असायचा.

“तुझ्या सिनेमात नायक उडतो कुठे? लटकतो!” काका म्हणायचे. “पाठीमागची दोरी दिसते, दोरी!”

“दोरी-बिरी काही नाही. तुझ्या मनात आहे ती.”

“अरे, एवढी जाड! बैल बांधता येईल तिने.”

“आणि तुझा तो? रडका! लोकांना वाचवायला आलाय की सुतकाला?”

हे असं रोज. मामी घरून डबा घेऊन यायची तेव्हा म्हणायची, “टॉवेल बांधून फिरणाऱ्या माणसासाठी घसा कोरडा करून घेताय दोघं.” केपला ती टॉवेलच म्हणते.

पण एके दिवशी भांडण केपवरच आलं आणि विकोपाला गेलं. मामा म्हणाला, नव्या सिनेमात त्यांनी केप काळी केली, हे अक्षम्य आहे. काका म्हणाले, काळी नाही, निळी आहे. गडद निळी.

“काळी! कोळशासारखी. सगळा सिनेमाच काळामिट्ट आहे. कोण कोणाला मारतंय ते कळत नाही.”

“अरे भिंगवाल्या, निळी आहे. मी सांगतो ना.”

“तू काय सांगणार? त्या रंगांच्या वासाने तुझेच डोळे गेलेत. पाट्या लिहिणं बंद कर आता.”

टेलरमास्तर हसले. काका नाही हसले. त्यांनी अर्धा भरलेला कप स्टुलावर ठेवला. “ज्यावर पोट भरलं त्यावर बोललास,” एवढंच म्हणाले आणि रस्ता ओलांडून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाट्या वाळत घालायची घोडी अशी लावली की मामाच्या दुकानातून त्यांचं तोंड दिसू नये. मामी म्हणाली, “बरं झालं, सुंठेवाचून खोकला गेला.” पण चहा मात्र ती अजून तेवढाच आणत होती, आणि एक कप रोज गार होत होता.

मामा चिडचिडा झाला. पडद्यामागे भिंग घासायचं यंत्र घरघरत राहायचं आणि मधूनच त्याच्या तोंडून शिवी यायची. दांडीचा बारीक स्क्रू बसवताना त्याचा हात चुकायला लागला. दोन गिऱ्हाइकांनी चष्मे परत आणले, भिंग तिरकं बसलंय म्हणून. मामाने दुकानातला दिवा बदलून मोठा लावला, मग त्याहून मोठा. मला वाटलं, मित्र दुरावला म्हणून लक्ष लागत नसेल. मामीने एकदा त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. एक मोजा काळा होता आणि एक निळा.

“आता हीच फॅशन आहे,” मामा म्हणाला, आणि आम्ही हसलो. हसायचं नव्हतं, पण ते नंतर कळलं. कारण मामा स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचा: “मोतीबिंदू ज्याला होतो त्याला सगळ्यात शेवटी कळतं. आधी त्याच्या बायकोला कळतं.”

मग एका दुपारी पेंटरकाका आले. काखेत एक पाटी होती, कागदात गुंडाळलेली. मी आणि टेलरमास्तर तिथेच होतो. काकांनी कोणाकडे न बघता कागद फाडला आणि पाटी दारात, लख्ख उजेडात धरली. अर्धी काळी होती. अर्धी निळी, गडद, मोराच्या मानेसारखी.

“नव्या सिनेमातल्या केपचा रंग आहे हा. चित्र समोर ठेवून कालवलाय, चार वेळा फेकून पाचव्यांदा जमलाय,” काका म्हणाले. आवाजात विजय होता, आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता. “आता चारचौघांत सांग. कुठली बाजू काळी आणि कुठली निळी?”

मामाने चष्मा पुसला. पुढे वाकला. मग मागे झाला.

“चेष्टा करतोस काय?” तो म्हणाला. “सगळी पाटी काळीच तर आहे.”

ज्या टेलरमास्तरांनी आयुष्यात मामाला नाही म्हटलं नव्हतं, ते खाली मान घालून टेपची गुंडाळी करायला लागले. मी पाटीकडे बघत होते. निळा रंग एवढा निळा होता की आंधळ्यालाही दिसावा, असं मनात आलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

पेंटरकाकांच्या चेहऱ्यावरचा विजय कुठल्या कुठे गेला. ते मामाकडे बघत राहिले. मग त्यांनी पाटी पुन्हा कागदात गुंडाळली.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “काळीच आहे. केपसुद्धा काळीच असणार. माझीच चूक झाली.” आणि रस्ता ओलांडून गेले.

टेलरमास्तरांनाही अचानक काम आठवलं. मामा जिंकला होता, पण जिंकलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. तो बराच वेळ समोरच्या दुकानाकडे बघत बसला.

“हा हरला कसा?” तो मला म्हणाला. “शाळेपासून बघतोय मी याला. पडला तरी नाक वर. धावण्यात शेवटचा आला तरी ‘अर्धा जिंकलो’ म्हणायचा. आज एका वाक्यात हरला? रंगावरून?”

मामा उठला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसला. त्या खुर्चीत त्याला मी कधी बघितलं नव्हतं.

“पुठ्ठा धर,” म्हणाला.

मी धरला. त्याने वाचायला सुरुवात केली. ‘थांब, नराधमा!’ मग त्याच्या खालचं, मग त्याच्या खालचं, कुठे न अडखळता, आवाज बदलून, शाळेत वाचायचा तसं. शेवटची ओळ त्याने खलनायकाच्या पुटपुटण्यासकट म्हटली आणि माझ्याकडे बघितलं. “झालं ना बरोबर?”

“मामा,” मी म्हटलं, “शेवटच्या ओळींवर मी कोरा कागद धरलाय.”

मामा हसेल असं मला वाटलं, नेहमी गिऱ्हाइकाला हसतो तसं. तो हसला नाही. चष्मा काढून त्याने मांडीवर ठेवला.

“चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानात येणार कोण?” तो अगदी हळू म्हणाला. “आणि हे हात दुसरं करणार तरी काय?”

तेवढ्यात मामी डबा घेऊन आली. तिने खुर्चीत बसलेला मामा बघितला, माझ्या हातातला कागद बघितला, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. “दिव्याखाली अंधार,” एवढंच म्हणाली, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला; असा मोतीबिंदू गडद निळं काळं करून दाखवतो, म्हणाल्या. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, मग काही आठवड्यांनी डाव्याचं. “एवढे दिवस काय करत होतात? तुम्ही तर याच धंद्यातले,” त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, “सिनेमाला दोष देत होतो.” त्यांना वाटलं विनोद आहे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली तेव्हा मामी समोर उभी होती. मामाने तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, “तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?”

“डॉक्टरबाई,” मामी म्हणाली, “तो मोतीबिंदू परत घालता येतो का?”

त्यानंतर मामाने एक काम स्वतःहून केलं. रस्ता ओलांडून पेंटरकाकांच्या दुकानात गेला. मी सोबत होते, कारण माफी मागताना मध्येच भांडण निघालं तर कोणीतरी हवं. पण माफी-बिफी काही झाली नाही. मामा म्हणाला, “तुझा तो रडका सिनेमा लाव,” आणि काकांनी हातातला ब्रश तसाच टर्पेंटाइनमध्ये टाकला.

काकांच्या घरी, दुपारी, पडदे उघडे ठेवून आम्ही तो सिनेमा लावला. मीही बघितला; न बघता नावं ठेवायच्या माझ्या नियमाला घरातलं आजारपण म्हणून सूट दिली. गच्चीवरचा प्रसंग आला. पाऊस, नायक, वाऱ्यावर केप. मामाने हाताने उजवा डोळा झाकला. मग डावा. मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा.

“काळी,” तो म्हणाला. “निळी. काळी. निळी.” मग हात खाली घेतला. “काय सुंदर निळी आहे रे!”

काकांनी सिनेमा तिथेच थांबवला.

“त्या दिवशी खोटं का बोललास?” मामाने विचारलं. “पाटी हातात होती. सगळे बघत होते. जिंकला असतास.”

“जिंकलो असतो,” काका म्हणाले, “पण ते तुला दिसलं नसतं. मग काय मजा?”

मामाने नाक शिंकरलं. डोळ्यांना पाणी लावायला डॉक्टरबाईंची बंदी होती, पण आतून येणाऱ्या पाण्याचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मग घसा साफ करून तो म्हणाला, “केप निळी आहे, मान्य. पण सिनेमा रडकाच आहे.”

“म्हणजे अर्धा जिंकलो,” काका म्हणाले.

चहा पुन्हा सुरू झाला. काळी-निळी पाटी आता दुकानात पुठ्ठ्याशेजारी टांगलेली आहे आणि केस पिकलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मामा आधी तिच्यासमोर उभं करतो. चष्मेवाल्याचं ऑपरेशन झालंय हे गावभर झालं, आणि गिऱ्हाईक कमी होण्याऐवजी वाढलं. ज्याने स्वतः भोगलंय त्यालाच कळतं, असं लोक म्हणतात. परवा एक रिटायर्ड हवालदार पाटीसमोर अडून बसले की सगळी काळीच आहे. मामा वाद घालत बसला नाही. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाला, आणि त्यांना चहा पाजून डॉक्टरबाईंकडे स्वतः घेऊन गेला.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मामाने हट्ट धरला की जुना सिनेमा, त्याचा सिनेमा, जुन्या डोळ्याने एकदा शेवटचा बघायचा. पेंटरकाका त्या सिनेमाला आयुष्यभर शिव्या घालत आले, पण मुकाट्याने शेजारी येऊन बसले. मामाने नवा डोळा हाताने झाकून घेतला आणि लहान मुलासारखा पुढे सरकून बसला. नायकाने कमरेवर हात ठेवले, केप उडाली, तो आकाशात झेपावला आणि आमच्याकडे बघून त्याने हात हलवला.

तेवढ्यात मामाला राहवलं नाही. झाकलेल्या डोळ्यावरची बोटं त्याने किंचित फाकवली. मी बघत होते. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्याने बोटं पुन्हा घट्ट मिटून घेतली.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“काही नाही. काय मस्त उडतोय!”

काकांनी पडद्याकडे बघितलं, मग मित्राच्या डोळ्यावरच्या हाताकडे.

“हो,” ते म्हणाले. “मस्तच उडतोय.”

दोरी मला स्पष्ट दिसत होती, चांगली बैल बांधण्याएवढी. पण मीही गप्प बसले, आणि आमच्या घरात ते कोणाला सहसा जमत नाही.