न सोडलेला किताब

अनघावहिनींचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या ईलिंगच्या भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून उभा होतो. "भाऊजी, मिलिंद उठत नाहीये. अँब्युलन्स आलीये. तुम्ही या." एवढंच. आवाज इतका सरळ होता, की मी कोथिंबीर नीट पिशवीत भरून घेतली, पैसे मोजून दिले आणि मगच स्टेशनकडे धावत सुटलो. ब्रॅकनेलला त्यांच्या घरी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. किडनी बसवायची तारीख अगदी तोंडावर आलेली असताना... याला आता काही आठवडे झाले, लोक मला शांत व्हायला सांगतात, पण त्या तारखेचा राग माझ्या मनातून जात नाही.

मिलिंद आणि मी ब्रॅकनेलच्या एकाच ऑफिसात शेजारी बसून सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचो. तो पुण्याचा, मी नागपूरचा. त्यामुळे बोलायला विषय कमी आणि भांडायला पुष्कळ. आयुष्यात कुणाच्या श्रीमुखात न भडकावलेल्या या माणसाला वेड होतं ते जपानमधल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतींचं. कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंग, सगळं एकाच रिंगणात. त्यातही त्याचा खरा जीव किताबांच्या इतिहासात. तिथल्या एका संस्थेच्या प्रत्येक वजनगटातला किताबाचा बेल्ट कुणाकडून कुणाकडे गेला, हे तो रामरक्षा म्हणावी तसं न अडखळता म्हणायचा. मी म्हणायचो, "स्वतःच्या मावसभावांची नावं सांग पाहू ओळीनं." ती काही त्याला यायची नाहीत.

त्याच्या मते किताब मिळवण्याची खरी रीत एकच : असलेल्या चॅम्पियनला रिंगणात हरवायचं. पण कधी दुखापत होते, कधी वजन बसत नाही, कधी चॅम्पियनला दुसरीकडून बोलावणं येतं, आणि तो बेल्ट सोडून देतो. मग त्या रिकाम्या बेल्टसाठी दुसरेच दोघं लढतात. असं काही झालं की मिलिंदचं तोंड कडू व्हायचं. "साखळी तुटली! यानं हरवलं कुणाला? कुणालाच नाही." त्यात जपान्यांची एक खोड निराळीच. तिथे चॅम्पियन अधूनमधून किताब पणाला न लावता नुसताच लढतो, आणि हरला तरी बेल्ट त्याच्याच कमरेला. मला हा शुद्ध चावटपणा वाटे. मी म्हणे, "नापास झाला आणि वर्गात पहिला?" तो मिशीत हसे. "आता तर खरी गंमत. ज्यानं हरवलं तोच बेल्ट मागायला दारात येणार."

मग मिलिंदच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पिण्याचं पाणी मोजून, आणि दर वेळी आधी काट्यावर उभं राहायचं, अंगात किती पाणी साठलंय ते बघायला. लढतीआधी खेळाडूंना वजनाला उभं करतात, तसा मीही आता उभा राहतो, म्हणून तो हसायचा. आम्हाला हसू येत नव्हतं. हॉस्पिटलच्या किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव होतं, पण त्या वाटेचा भरवसा कुणी देत नव्हतं. वहिनींची किडनी जुळत होती, त्या एका पायावर तयार होत्या, आणि हा पठ्ठ्या नाही म्हणत होता. "तिच्या धडधाकट अंगाला सुरी लावून मला जगायचं नाही." हे त्यानं इतक्यांदा म्हटलं की वाद घालायलाही कुणी उरलं नाही. विषय निघाला की स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजायची. तो दिवसेंदिवस काळवंडत चालला होता आणि आम्ही नुसते बघत होतो.

जपानमधला मोठा कार्यक्रम एकतीस डिसेंबरला असतो. तिथली संध्याकाळ म्हणजे इथली सकाळ, म्हणून मी दर वर्षी त्या दिवशी त्यांच्याकडे पोह्यांना हजर. या वेळी मिलिंदच्या लाडक्या चॅम्पियनची लढत होती. उन्हाळ्यात एका नव्या खेळाडूनं त्याला हरवलं होतं, अर्थात किताब पणाला न लावता. आता तोच समोर, आणि बेल्ट पणाला. त्यात चॅम्पियनचा गुडघा दुखावलेला. तो किताब सोडून देणार, असंच सगळे म्हणत होते. मिलिंदला त्या काळजीनं दुसरं काही सुचत नव्हतं. पट्ट्या गुंडाळलेल्या गुडघ्यानं तो रिंगणात उतरला तेव्हा याच्या डोळ्यांत पाणी.

लढत बघवत नव्हती. समोरच्यानं नेमक्या त्याच पायावर लाथा घातल्या. मिलिंद सोफ्याच्या कडेवर, मुठी आवळून, "उभा राहा रे, नुसता उभा राहा" असं पुटपुटत होता. पोहे गार झाले. वहिनी दारात उभ्या होत्या; त्या टीव्हीकडे नाही, त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी चॅम्पियन खाली गेला, पाठीमागून गळा आवळला गेला. हात आपटून शरण जाता आलं असतं, त्यानं आपटला नाही. शुद्ध गेली तेव्हा पंचानं लढत थांबवली. मी हळहळलो. मिलिंद मात्र टाळ्या वाजवत होता. "बेल्ट गेला, पण दिला नाही त्यानं! समोरच्याला येऊन घ्यावा लागला!"

टीव्ही बंद झाला. रिमोट वहिनींच्या हातात होता.

"मग तू का सोडतोयस?"

"अनघा, त्याचा इथे काय संबंध..."

"तो फुटका गुडघा घेऊन उतरला, त्याच्यासाठी टाळ्या. इथे मी उभी आहे, डॉक्टर उभे आहेत, आणि तू उतरायलाच तयार नाहीस. ऑपरेशन करून हरलास ना, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण असा घरी बसून सोडायचा नाही, मिलिंद."

मी गार पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिलो. वर बघायची छाती होईना. मिलिंद काळ्या पडद्याकडे बघत होता, जबडा घट्ट. वाटलं, आता हा उठून वर जाईल आणि दार आपटेल. पण तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "सुट्टी संपली की क्लिनिकला फोन लाव."

पुढचे दिवस तपासण्यांचे. रिपोर्ट आला की आम्ही तिघं आधी शेवटची ओळ वाचायचो, मग पहिली. तारीख मिळाली तसा तो हावरट झाला. ऑपरेशननंतर काय काय पिणार ते सांगत सुटायचा. ताक, नारळपाणी, उसाचा रस, नुसतं साधं पाणी... तो गेला. हरला म्हणायचं की काय म्हणायचं, मला कळत नाही. त्याच्या साखळ्यांत यासाठी काही शब्द होता का, हे विचारायचं राहून गेलं.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो होतो. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी किडनी देतेय."

"कुणाला?"

"माहीत नाही. सांगत नाहीत. यादीत ज्याला जुळेल त्याला."

मी ओरडलोच. एवढं दुःख झालंय, त्यात हे काय भलतंच? मिलिंदला आवडलं असतं का? फोन स्पीकरवर होता. मँचेस्टरहून त्यांची मुलगी ईशा रडवेल्या आवाजात, इथे वाढलेल्या मुलांच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काका, प्लीज, तुम्ही तरी आईला एक्स्प्लेन करा ना. बाबा गेला, आता आई पण रिस्क घेतो."

"त्याला नसतंच आवडलं," वहिनी म्हणाल्या. "त्याला स्वतःसाठीसुद्धा नको होतं. त्याच्या आवडीचं ऐकत बसले, त्यात दिवस वाया गेले. आता ज्या कुणाच्या घरी असेच दिवस मोजत असतील, त्यांना तरी वेळेवर मिळू दे." तारीख अजून ठरायची आहे. मला भीती वाटते. अगदी साधी भीती. त्यांना अडवायला माझ्याकडे एकही मुद्दा नाही, याचीही वाटते.

किडनी द्यायची म्हणून डॉक्टरांनी त्यांना आता भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. ओट्यावर मिलिंदचं स्टीलचं फुलपात्र होतं, त्याचं दिवसाचं पाणी त्यातूनच मोजून दिलं जायचं. वहिनींनी ते नळाखाली धरलं, भरलं, प्यायल्या, पुन्हा भरलं. मी म्हटलं, "अहो वहिनी, मोठा ग्लास घ्या की."

"हात याच्याकडेच जातो हो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा नळ सोडला.