मोरीमागची बाग मी साफ केली

चहा घ्या, पण घोट जरा जपून घ्या. हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंना असा ठसका लागला होता, की पाठीत बुक्के घालायची वेळ आली. खरं तर बुक्के माझ्या पाठीत पडायला हवे होते!

मी खोपोलीला एका कारखान्याच्या वसाहतीत बाग सांभाळतो. हुद्दा भारदस्त आहे, उद्यान पर्यवेक्षक. काम एकच. जे उगवायला नको, ते उगवू द्यायचं नाही. सत्तावीस वर्षं झाली. माझ्या लॉनची कड पट्टीनं आखल्यासारखी असते. मेंदीचं कुंपण असं कापतो, की वर कपबशी ठेवा, चहा हिंदकळणार नाही. आडनाव ठोंबरे. त्यावरून कोणाला विनोद करायचे असतील तर पुढं भरपूर जागा आहे, आत्ता थांबा.

थंडी सरली की आमची खरी धांदल. सागाची पानं झाडून काढा, वाफे भुसभुशीत करा, कुंड्यांना गेरू फासा. कारण त्याच दिवसांत वसाहतीचं फुलांचं प्रदर्शन असतं. यंदा आमच्या साहेबांच्या मनात आलं, की नुसत्या कुंड्या मांडायच्या नाहीत. डिझायनर बोलावून एक अख्खी बाग उभी करायची. परीक्षक तर थेट मुंबईहून!

डिझायनर म्हटल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभा राहिलो. आली ती अस्मिता. शेलूची पोरगी, पंचविशीतली, पायात रबरी चपला आणि पिशवीत स्वतःचं खुरपं.

"काका, क्लब हाउसच्या मागचा कोपरा मला द्याल का?"

दिला. पोरगी चार दिवस मातीत राबली. गुरुवारी संध्याकाळी ती गेल्यावर मी बघायला गेलो, आणि काय सांगू! एक शेवाळलेला कपडे धुवायचा दगड. त्याच्यापासून निघालेली सांडपाण्याची वाकडी चारी. चारीच्या कडेनं अळू, मधेमधे माका, आंबुटी, एकदांडी असलं तण. दगडाच्या फटीत सदाफुली. गंजक्या तेलाच्या डब्यात एक तुळस. झालं! बाग संपली!

मी मनाशी म्हटलं, फुलं उद्या येणार असतील.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. ती कुठल्याशा कामासाठी पुण्याला निघाली होती. गाडी घाटात. आवाज तुटक.

"काका, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा हं. बाकी कशाला हात लावू न..."

आणि गाडी शिरली बोगद्यात.

आता तुम्हीच सांगा, "हात लावून"च्या पुढं काय येतं? "हात लावून घ्या" हेच येतं ना? मला तर भरून आलं. केवढा विश्वास! म्हटलं, पोरीला वेळ कमी पडला, अनुभवी माणसाकडे मोकळ्या मनानं मदत मागितली. तिला पुन्हा फोन लावून "नक्की ना?" असं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. कारण नक्कीच होतं!

मी हिराबाईला हाक मारली. हिराबाई आमच्या बागेतली सगळ्यात जुनी माळीण. तिचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं, हे मला त्या दिवशी मान्य नव्हतं.

ती वाकून म्हणाली, "दादा, हे मुद्दाम लावलंय वो. बघा की, मुळाशी वल्ली माती हाय."

"हिराबाई, माका कोणी मुद्दाम लावतं का?"

"मला काय ठावं? शिकलेली माणसं हायत, काय बी लावतील."

"उपटा!"

उपटलं. दुपारपर्यंत कोपरा असा लख्ख केला, की मलाच माझं कौतुक वाटलं. वाकडी चारी बुजवली. दोरी लावून सरळ रेषेत पिटुनिया लावले, एक लाल, एक पांढरा. तुळशीला नवी सिमेंटची कुंडी दिली, गंजका डबा भंगारात टाकला. दगडावरचं शेवाळं काथ्यानं घासलं आणि वर गेरूचे दोन हात मारले. हो, दगडाला! एवढं केल्यावर दगड तरी का मागं राहावा?

अळूची पानं मोठी छान होती, काळ्या देठाची. हिराबाई म्हणाली, "टाकायची कशाला?" आणि बाकीच्या पाल्यासकट घरी घेऊन गेली.

शनिवारी सकाळी सातला तिनं डब्यातून अळूवड्या आणल्या. मी चार खाल्ल्या. शेवटची वडी तोंडात असतानाच अस्मिता गेटमधून आत आली. परीक्षक चारला यायचे होते. मी हात पुसत पुढं झालो, शाबासकी घ्यायला.

ती कोपऱ्यापाशी थांबली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"काका, माझी बाग कुठंय?"

"ही काय! ओळखू येत नाही ना?"

ती हळूच त्या दगडावर बसली. गेरूला पाणी जास्त झालं होतं, तो पुरता सुकला नव्हता. तिचा पांढरा कुडता मागून लालभडक झाला. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पण तिला त्याचं काहीच नव्हतं.

"ही माझ्या आईची मोरी होती काका," ती म्हणाली. "आमच्या घरामागं आहे ना, तशीच. आई भांडी घासायची, ते पाणी चारीनं अळवाला जायचं. ती कधी बाग म्हणायची नाही तिला. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. म्हटलं, एकदा तरी लोकांनी थांबून बघावी."

मी चाचरत म्हणालो,

"पण तूच म्हणालीस ना, हात लावून..."

"हात लावू नका म्हणाले!"

एका "न"नं माझी सत्तावीस वर्षं धुळीला मिळवली.

तिनं डोळे पुसले. "बरं, उपटलेलं कुठंय? परत लावू. अळू तर जगेल."

मी हिराबाईकडे बघितलं. हिराबाईनं डब्याकडे बघितलं.

"अळू," मी म्हणालो, "खाल्ला."

"खाल्ला?"

"चांगल्या झाल्या होत्या वड्या," माझ्या तोंडून गेलं. ती वेळ हे सांगायची होती का? पण माणूस घाबरला की खरं बोलतो.

"अन् बाकीचा पाला, कंद माझ्या शेळ्यांनी," हिराबाई म्हणाली. मग कमरेला पदर खोचून माझ्यावरच ओरडली, "दादा, उभं काय ऱ्हायलात? टेंपो काढा! पोरीच्या घरामागं खरी बाग हाय नव्हं? तिथनंच आणू!"

अस्मिता म्हणाली, "बाबा हात लावू देणार नाहीत. आई गेल्यापासून ते कोणालाच तिथं काही करू देत नाहीत."

"मी बोलतो," मी म्हणालो. कुठून बळ आलं देव जाणे.

टेंपोत आम्ही तिघं. खोपोली ते शेलू तासाभराचा रस्ता, आणि मी वाटभर मनात माफीचं भाषण पाठ करत होतो. शेलूला सगळीकडे नव्या इमारती, मधे यांचं कौलारू घर. अस्मिताचे वडील ओट्यावर पेपर वाचत बसलेले. शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. मी समोर उभा राहिलो आणि भाषण साफ विसरलो.

"मी ठोंबरे. मी तुमच्या मुलीची बाग उपटली."

त्यांनी चष्मा काढला. "सगळी?"

"सगळी."

"अळू पण?"

"अळू... खाल्ला."

त्यांनी शेजारी ओट्यावर चाचपलं. आता हा माणूस काठी शोधतोय, असं मला वाटलं.

"खाजला का?"

"नाही. जराही नाही."

"मंग हितलाच. अस्मितानं हितनंच कंद नेले व्हते," ते म्हणाले. "हिच्या आईचा अळू कधी खाजला नाय."

आणि ते उठले. आम्हाला घेऊन घरामागं गेले. अगदी तीच मोरी, तोच दगड, अळू कमरेपर्यंत माजलेला. ते चारीपाशी उभे राहिले.

"ठोंबरेभाऊ, तुमी एकदाच उपटलंत. मी दर रविवारी उपटायचो. मोरी कशी मोकळी पायजे, मच्छर होतात, असलं बोलायचो. ती भांडायची, अन् सोमवारी परत लावायची. तीस वर्षं हेच. आता दोन वर्षं झाली, मी हात लावला नाय." मग चारीकडे बघत म्हणाले, "उपटून भांडायचं कोणाशी?"

माझ्या हातातलं खुरपं त्यांनी काढून घेतलं. "द्या हिकडं. तुमच्या हाताचा भरवसा नाय." आणि स्वतः खाली बसले. एकेक गड्डा मातीसकट असा अलगद उचलला, जणू झोपलेलं लेकरू. आम्ही फक्त टोपल्या धरत होतो. अस्मिता तोंड फिरवून उभी होती.

ते टेंपोत बसून आमच्याबरोबर आले सुद्धा! मग कोपऱ्यात त्यांचंच राज्य. "अळू हितं नाय, खाली घे. चारी वाकडी काढ, ती सरळ कधी व्हतीच कुठं?" मी गेरू खरवडत होतो, हिराबाई शेवाळं आणून दगडावर दाबत होती. भंगारातून गंजका डबा मी स्वतः शोधून आणला. त्यासाठी भंगाराच्या ढिगात पार आत शिरलो होतो, ते जाऊ द्या.

मी माझे पिटुनिया उपटायला लागलो, तर त्यांनी शेवटचा लाल पिटुनिया अडवला.

"यो ऱ्हाऊ दे. मी एकदा हिच्या आईला असलंच विकतचं रोप आणून दिलं व्हतं. लई नावं ठेवली. पण लावलं व्हतं."

चारला परीक्षकबाई आल्या, साठीच्या, सुती साडीतल्या. इतर ठिकाणी दोन मिनिटं थांबल्या होत्या. इथं पायातल्या चपला काढून चारीच्या कडेला उभ्या राहिल्या.

"डिझाइन कोणाचं?"

"आईचं," अस्मिता म्हणाली. तिचे वडील मागं उभे होते, ते आभाळाकडे बघायला लागले.

बाईंनी वाकून अळूच्या पानावरून हात फिरवला. मग पहिलं बक्षीस याच बागेला, असं तिथल्या तिथं सांगून टाकलं. हिराबाईनं माझ्या दंडाला एवढा मोठा चिमटा काढला. माझे डोळे भरले होते, ते चिमट्यामुळं की कशामुळं, विचारू नका.

निघताना बाई माझ्याकडे वळल्या. "बागेची व्यवस्था तुमच्याकडे असते ना? फार नैसर्गिक ठेवलीय. काय काय करता तुम्ही?"

अख्ख्या आयुष्यात माझ्या कामाबद्दल असं कोणी विचारलं नव्हतं. दोन दिवसांत जे शिकलो ते सगळं एका वाक्यात सांगावं म्हणून मी छाती पुढं काढली आणि मोठ्या अभिमानानं म्हणालो,

"काहीच करत नाही, मॅडम!"

मागं आमचे साहेब उभे होते. ते म्हणाले,

"आम्हाला बरेच दिवस संशय होताच, ठोंबरे."