मार्चमधली मास्कची ट्रायल

भालेराव साहेब तोंडावर जाड मास्क चढवून खुर्चीत बसले होते. बाहेर मार्चचं ऊन, ऑफिसात एकच सीलिंग फॅन, आणि साहेबांच्या कपाळावरून ओघळणारा घाम मास्कमध्ये जिरत होता. मिनिटभरात त्यांनी तो ओढून काढला.

"सोनवणे बाई, यात माणूस मरेल. पुढचा द्या."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात मी परचेस असिस्टंट होते. आमच्या साहस मंडळाला स्वतःचा स्कीइंग प्रशिक्षक हवा होता. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून वेगानं घसरत यायचं, त्याला स्कीइंग म्हणतात. नाशिकच्या कारखान्याला त्याची काय गरज, हे मला विचारू नका. वरून पत्र आलं होतं.

निवड झाली हिरामणची. सुरगाण्याकडचा, फिटिंगला सहा वर्षं बदली कामगार. बदली म्हणजे कोणी रजेवर गेलं की काम, नाहीतर घरी बसायचं. कडा चढण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पर्सोनेल खात्यानं लेखी दिलं होतं, हिमालयातला कोर्स पूर्ण केला की पर्मनंट. बायको आणि दोन मुली गावी होत्या. त्यांना आणायचं म्हणून त्यानं पंचवटीत एक खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

कोर्स जानेवारीत होता. मग खरेदी मार्चमध्ये का? कारण एकतीस मार्चला बजेट लॅप्स होतं, म्हणजे न वापरलेली रक्कम परत जाते. त्यामुळे आमच्याकडे स्वेटर आणि हीटरसुद्धा उन्हाळ्याच्या तोंडावर घेतले जायचे. त्यात वस्तू नवीन असली की ट्रायल कमिटी बसायची. बर्फातल्या वाऱ्यापासून तोंड झाकायला मास्क एकच घ्यायचा होता, पण कमिटी तिघांची होती. माझे वरिष्ठ आणि साहस मंडळाचे प्रमुख भालेराव साहेब, फायनान्सचे पाटणकर, आणि यूजर, म्हणजे वस्तू वापरणारा माणूस, हिरामण.

सॅम्पल तीन होती. पहिलं जाड, रबरासारख्या कापडाचं, नाकापासून गळ्यापर्यंत येणारं, तोंडाशी बारीक भोकं. दुसरं लोकरीचं, आपल्या माकडटोपीसारखंच, फक्त डोळे उघडे. तिसरं पातळ होजिअरीचं, तोंडापुढे जाळी. मी आधीच कोर्सवाल्या संस्थेला एसटीडी लावून विचारलं होतं. तिथले इन्स्ट्रक्टर म्हणाले, "मॅडम, हवा अंदर नहीं आनी चाहिए. और साँस से कपड़ा गीला हुआ, तो चेहरे पर ही जम जाएगा." त्या हिशेबानं जाड मास्कच घ्यायला हवा होता. ही माहिती मी खरेदीच्या नोटमध्ये, म्हणजे मंजुरीच्या टिपणात लिहिली होती.

साहेबांनी लोकरीचा मास्क नुसता हातात घेतला आणि टोचतो म्हणून बाजूला ठेवला. पातळ मास्क पाटणकरांनी घातला. "हा बेस्ट. घातलाय असं वाटतच नाही."

हिरामण तोवर दाराशी उभा होता. तो म्हणाला, "साहेब, स्टोअरमधला टेबल फॅन आणून लावू का?" त्यानं फॅन फुल केला आणि एकेक मास्क घालून पात्यांसमोर तोंड धरलं. पातळ, लोकरीचा, मग जाड. जाड मास्कात तो बराच वेळ तसाच उभा राहिला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

"ह्यातून वारा लागत नाय, साहेब."

"तेच म्हणतोय मी," भालेराव साहेब म्हणाले. "हवाच खेळत नाही. पातळ फायनल करा."

मी नोट पुढे केली. साहेबांनी चष्मा लावून वाचली. "ही फोनवरची ओळ कशाला? उद्या ऑडिटवाला विचारेल, मग जाड का नाही घेतला? काढा ती."

मी काढली. नोट पुन्हा टाइप केली. साहेबांची सही झाली, पाटणकरांची झाली. कागद घेऊन मी हिरामणकडे गेले. तो पेन धरून थांबला.

"मॅडम, ह्यो बर्फात नाय चालायचा."

"यूजरनंच अडवलं तर साहेब दुसऱ्याचं नाव पाठवतील," मी म्हणाले. "सही कर. वरून मफलर गुंडाळ."

त्यानं सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

त्यानंतर नऊ महिने हातात होते. जाड मास्क मी स्वतःच्या खर्चानं मागवून त्याला देऊ शकले असते. ते सुचलं नाही असंही नाही. सुचलं, नियमात बसत नाही म्हणून सोडून दिलं. आजही हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते.

जानेवारीत तो गेला. सहाव्या दिवशी वारा सुटला. श्वासानं जाळी भिजली, मफलर भिजला, दोन्ही गोठून गालाला चिकटले. उतार संपवून खाली आला तेव्हा नाक आणि डावा गाल पांढरा पडला होता. याला हिमदंश म्हणतात. कातडी गोठून मरते. त्याला हॉस्पिटलात हलवलं आणि कोर्स तिथेच संपला. पर्सोनेलनं फाइलवर लिहिलं, "कोर्स अपूर्ण." कामगारांच्या पुढच्या यादीत बदली म्हणूनसुद्धा त्याचं नाव नव्हतं.

फेब्रुवारीत तो माझ्या टेबलाशी आला. शेवटचा हिशेब मिळण्यासाठी नो ड्यूजची, म्हणजे कंपनीचं काही येणं बाकी नसल्याची स्लिप लागते, आणि तिच्यासाठी कंपनीची वस्तू जमा करावी लागते.

"धुऊन आणलाय, मॅडम," म्हणत त्यानं मास्क टेबलावर ठेवला. नीट घडी घातलेला, नवा असल्यासारखा. त्याच्या नाकाचा शेंडा काळा पडला होता. गालावर तळहाताएवढा डाग होता. मी कागदाकडेच बघत राहिले.

"हिरामण, त्या दिवशी तुझंच बरोबर होतं."

"हां. पण सही मीच केली ना."

मी परतीचा फॉर्म पुढे ओढला. त्यात एक रकाना असतो, वस्तूची स्थिती. दोनच पर्याय, निकामी किंवा वापरण्यायोग्य. मास्क कुठेही फाटलेला नव्हता. मी "वापरण्यायोग्य" लिहिलं आणि स्लिप त्याच्या हातात दिली. ती खिशात घालून तो गेटकडे गेला.

त्या वर्षी ऑडिटवाल्यांनी माझी फाइल एकही शेरा न मारता पास केली. चोख फाइल आणि चोख खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन लागलेल्यांना मी हे पुढे कितीदा तरी सांगितलं. अनुभवातून शिकले असं त्यांना वाटायचं. खरं तर मला ते आधीपासून माहीत होतं.