पांढऱ्या घराची शिकवणी

चिंचवड, पिंपरी आणि पंचक्रोशीतल्या तमाम रहिवाशांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, स्पॅनिश भाषेत घर ही बाई आहे. कुत्रा मात्र तिथेही पुरुषच.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी चिंचवडच्या शाळेत मास्तर होतो. ही बातमी मला दिली गावच्या मिशन दवाखान्यातल्या एका स्पॅनिश जोगिणीनं, म्हणजे आमच्या सिस्टरांनी. संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर मी त्यांना मराठी शिकवायचो आणि फीऐवजी त्या मला स्पॅनिश.

त्यांच्या भाषेत नाम म्हणजे सरदार. पुढे आर्टिकल नावाचा भालदार, म्हणजे 'एल' किंवा 'ला', मागे विशेषण. सरदारानं पोशाख बदलला की दोघांनीही बदलायचा. पांढरं घर म्हणजे ला कासा ब्लांका. घरं अनेक झाली की लास कासास ब्लांकास. पांढरा कुत्रा आला की एल पेर्रो ब्लांको. विशेषणं आपणही बदलतो, पण भालदार आपल्याकडे नाही, म्हणून मी रोज तिथेच आपटायचो. 'एल कासा' म्हटलं की सिस्टर पेन्सिल हलकेच टेबलावर टेकवत. "ओत्रा वेस. पुन्हा." एकदाही हसल्या नाहीत.

त्यांचं घोडं अडायचं नपुंसकलिंगावर, कारण त्यांच्या नामांना ते नाहीच. 'तुझी मूल', 'मोठा पोट'. तरी रोग्यांशी त्या मराठीतच बोलायच्या.

आणि मी काय केलं? एका रविवारी स्टेशनसमोरच्या हॉटेलात सिस्टरांच्या पदरासारखा डोक्यावर पंचा घेतला आणि शेजाऱ्याची नाडी धरली. "तुजी पोट दुकतो? जीब काढ." हॉटेल हसून लोळलं.

"मास्तर, अजून एकदा होऊ द्या," मालक म्हणाला.

मी अजून एकदा केलं. मग एकाएकी सगळे चहात बघू लागले. वळलो, तर दारात सिस्टर पिशवी घेऊन उभ्या. मला नमस्कार केला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं मराठी बंद. त्या इंग्रजीत बोलायच्या, कंपाउंडर रोग्याला सांगायचा. माफी मागायला मी तीनदा ओट्यापर्यंत गेलो आणि तीनदा परतलो.

चौथ्यांदा गेलो, तर कंपाउंडर रजेवर. मोशी गावची एक बाई तापलेली पोर मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टरांनी मलाच इंग्रजीत सांगितलं, मी मराठी केलं. बाई माझ्याकडे बघेचना.

"सिस्टर, तुमी का बोलंना? रागावला व्हय?"

सिस्टर थर्मामीटर झटकत राहिल्या.

"चूक माझी आहे," मी कसंबसं म्हणालो. "यांच्या बोलण्याची मी चारचौघांत नक्कल केली."

बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पोर दुसऱ्या मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी गप ऱ्हावा. सिस्टर, तुमीच सांगा. गेल्या खेपेला तुमचंच ऐकून पोर बरी झाली."