पिवळं पडून राह्यलं

"नाई भाऊजी, पिवळं पडून राह्यलं."

एक डोळा मिटून, हातातलं संत्र माझ्या संगणकाच्या पडद्याला टेकवून वहिनी एवढंच बोलायच्या आणि माझ्या सकाळभराच्या कामाची माती व्हायची.

अमरावतीत माझा फोटो स्टुडिओ, अन् भिंतीला भिंत लागून वहिनींचं घर. त्यांच्या संत्र्याच्या मुरंब्याचं झाकण उघडलं की वरूडच्या बागेतल्या मधमाश्या एसटीनं आमच्या गल्लीत उतरायच्या. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा.

हा मुरंबा ऑनलाइन विकायचा होता. दुकान मी मोबाईलवर मांडूनही दिलं होतं. राहिला होता बरणीचा एक फोटो आणि दुकान सुरू करायचं एक बटन. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं म्हणतात ना, इथं शेपटाचंच वजन हत्तीएवढं!

फोटोतला रंग हातातल्या संत्र्याशी जुळलाच पाहिजे, ही वहिनींची अट. ढगात तो वेगळा, उन्हात वेगळा, त्यांच्या हिरव्या पातळाशेजारी तिसराच. एकदाचा हिवाळ्यातल्या आंबिया बहाराच्या संत्र्याशी जुळला, तर म्हणाल्या, "दुधवाल्याले इचारू द्या." दुधवाल्याचं मत येईस्तोवर आंबिया संपला आणि बाजारात पुढच्या, मृग बहाराचं संत्र आलं. त्याचा रंग जरा गडद.

"आता मुरंबा याचा, मंग फोटो त्याचा कसा चालन?"

मी भिंतीवर डोकं आपटलं. पलीकडून आवाज आला, "खिळा ठोकून राह्यले का, भाऊजी?"

एकदा विचारलंच, "एवढं काहून, वहिनी?"

बरणी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "लगन झाल्यापासून मीच करून राह्यली हा मुरंबा. लोक बोटं चाटतेत अन् म्हणतेत, सासूबाईच्या हातचा. आता झाकणावर माहं नाव येईन. त्यात खोट नाई पाह्यजे."

मी कुरकुर न करता परत कॅमेरा लावला. गल्लीतले लोक तो दिवस अजून आठवतात.

मग मृगही सरत आला. बाजारातलं शेवटचं धड संत्र घेऊन वहिनी आल्या, डोळा मिटला. "पिव..."

"वहिनी!" मी असा ओरडलो की बडनेऱ्याला गाडी सिग्नलशिवाय सुटली. "हे संत्र गेलं की वर्ष गेलं! लोक मुरंबा खातीन का पडदा चाटतीन? तुमचं नाव बरणीतच सडून राह्यलं!"

वहिनी खुर्चीत बसल्या. हातातलं संत्र एकदा फिरवून पाहिलं. मग ते सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं, अर्धं स्वतः खाल्लं.

"गोड हाये."

"आहे."

"मंग दाबा न ते बटन. मले काहून इचारता?"

रंग जुळवायला संत्रच उरलं नव्हतं. त्यांचं मन बदलायच्या आत मी चिकट बोटानंच बटन दाबलं.

पहिली मागणी आली अकोल्याहून, खुद्द वहिनींच्या नणंदबाईंची. जन्मभर 'आमच्या आईचा मुरंबा' म्हणणाऱ्या त्याच. वहिनींनी ती बरणी पदरानं पुसली अन् झाकणावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी तिरपी बसली. मी दाखवलं.

"राहू द्या. वाचता येते."

यंदा वहिनीही अकोल्याला आपल्या लेकीकडे राहायला गेल्या, मुरंब्यासकट. भिंतीपलीकडून कोणी बोलत नाही. परवा त्यांच्या दुकानात नवा फोटो दिसला, तिकडच्या कुण्या फोटोग्राफरनं काढलेला. माझा संताप झाला. लगेच फोन लावला.

"वहिनी, पिवळं पडून राह्यलं!"

"लोक खातेत, भाऊजी. पडदा नाई चाटत," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

मी पडद्यासमोर तसाच उभा होतो. एका हातात बंद फोन, दुसऱ्या हातात संत्र, अन् एक डोळा मिटलेला.