आण्णांचं नाव वाचता यावं म्हणून

ग्रुपवरच्या डिझायनर भावांनो, आज लई थकलो.

सकाळी पाटोद्याच्या दुकानात एक जण आईला घेऊन आला. वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या श्रद्धांजलीचा बॅनर हवा होता. फोटो एकच, नारायणगडाच्या जत्रेतला. मागं पाळणे, फुगे, रंगीबेरंगी लुगडी. आता त्यावर नाव टाकायचं कुठं?

पांढरी अक्षरं फुग्यांत हरवली. काळी बॉर्डर दिली, तर नुसती गिचमीड. मागचं सगळं धूसर केलं, तर मुलगा म्हणाला, "आण्णाला धुक्यात काहून हुबं केलं?"

शेवटी नावामागं काळी पट्टी टाकायचं ठरलं. जागा एकच होती, आण्णांच्या शेजारी. फोटोत तिथं मावशी उभ्या होत्या, म्हणजे त्याची आई.

"आईवरच टाका," तो म्हणाला. "श्रद्धांजलीत जित्या माणसाचा फोटो नको."

खरंच, आपल्याकडं तसा कुणी ठेवत नाही. मी पट्टी ओढली. नाव ठसठशीत उठलं. आण्णांचा हात तेवढा कोपरापर्यंतच दिसायला लागला. पुढचा पट्टीखाली गेला, मावशींच्या खांद्यावर होता तो.

मावशी स्क्रीनकडं बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही.

"आता नाव वाचाया येतंय का?"

"येतंय, मावशी."

"मग ऱ्हाऊ द्या."

दुपारी बॅनर चौकात लागला. दुकान बंद करायच्या आधी मी फाईल उघडली आणि पट्टीचा लेयर बंद करून खालचा फोटो बघितला. हात खांद्यावरच होता.

तुमी असता, तर पट्टी कुठं टाकली असती?